पांढरा काठ

दुकानात टॉवेल घ्यायला गेलेला माणूस काय करतो? घडी उचलतो, गालाला लावतो, डोळे मिटतो आणि "हाच द्या" म्हणतो. राजेशम कोडम यांना या प्रकाराचा मनस्वी राग होता. उभं आयुष्य त्यांनी सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढलं होतं. जॉबर म्हणजे रुसून बसलेल्या मागाला चालता करणारा माणूस. टॉवेल गालाने नव्हे, पाण्याने ओळखायचा, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते लग्नघरी आहेर उघडला जात असतानासुद्धा मोठ्यानं बोलून दाखवत.

त्यामुळे त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, श्रीलतानं, रविवारी घरी येऊन नवाकोरा पांढरा टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा त्यांनी आधी चष्मा लावला आणि मग आत हाक मारली.

"भूदेवी, वाटीत पाणी आण ग. पोरीची परीक्षा आहे."

भूदेवी पाणी घेऊन आली. राजेशमनी बोटानं एक थेंब टॉवेलवर सोडला. थेंब जागच्या जागी बसून राहिला.

"बघ, कसा बसलाय. जावई आल्यासारखा. आत जायचं नावच नाही."

"नाना, कोरा आहे तो," श्रीलता हसत म्हणाली. "मऊ वाटावा म्हणून गिरणीत शेवटी लेप देतात. चार वेळा धुतला की जातो."

"लांब धागा ना?"

"सगळ्यात लांब."

"तरीच." त्यांनी टॉवेलवर उभा राहिलेला सुताचा एक फास चिमटीत धरून ओढला. "पीळ कमी दिलाय. गालाला छान आहे. पण अंग पुसल्यासारखं वाटायचं नाही. देशी कापसाचा टॉवेल कसा, पाठ घासून दिल्यासारखा वाटतो."

हे बोलणं अडाणीपणाचं नव्हतं. कापसाचा तंतू म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी बोंडाच्या आत लांब लांब होत जाते, तिची भिंत आतून जाड होते, आणि बोंड फुटलं की ती वाळून चपटी होते. देशी जातींमध्ये ही पेशी आखूड आणि जाड राहते. तिचं सूत काढलं की असंख्य टोकं बाहेर येतात, म्हणून तो टॉवेल खरखरीत लागतो आणि त्याचे बारीक तंतू सुटतात. पण पाणी तो असा ओढतो की जखमेवर ठेवायचा कापूस याच जातीचा करतात. लांब धाग्याच्या जातीत तंतू बारीक असतो. टोकं कमी, म्हणून सुताला पीळ कमी देऊनही ते तुटत नाही. फास मऊ राहतात आणि टॉवेल वर्षानुवर्षं टिकतो. फक्त सुरुवातीला तो पाण्याशी जरा फटकून वागतो.

श्रीलता ज्या संस्थेत काम करत होती तिथे या लांब तंतूच्या जनुकांत एक बदल केला होता. पेशी वाढत असतानाच तिच्या पोकळीत एक रंगद्रव्य तयार होई. माणसाची मूत्रपिंडं थकायला लागली की रक्तातला युरिया घामातून जास्त बाहेर पडतो. अंघोळीनंतर अंग पुसताना तो कणाकणानं टॉवेलला लागतो. रंगद्रव्य तो टिपत राहतं, आणि महिना-दोन महिन्यांत टॉवेलचा पांढरा काठ जांभळा होतो. माणसाला स्वतःला काहीही जाणवण्याच्या कितीतरी आधी. देशी तंतूतही त्यांनी हे करून पाहिलं होतं, पण त्याच्या जाड भिंतीतून रंग बाहेर दिसेना. लांब तंतूच्या या टॉवेलला लोक 'सांगणारा टॉवेल' म्हणत.

राजेशमचे थोरले भाऊ मूत्रपिंडं निकामी होऊनच गेले होते. राजेशमना स्वतःला ब्लड प्रेशर होतं, आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही हा त्यांचा जुना बाणा. म्हणून तर श्रीलतानं पहिल्या खेपेतला टॉवेल घरी आणला होता. बाप सुई टोचून घेणार नाही, पण अंघोळ तर करील.

एकच गोष्ट सांभाळायची होती. गावागावाचं पाणी वेगळं. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यातले क्षार निराळे, कोकणातल्या विहिरीचे निराळे. त्यामुळे टॉवेल पहिल्यांदा ज्या पाण्यात भिजेल ते पाणी म्हणजे 'साधं पाणी' असं रंगद्रव्य धरून चालतं आणि त्याप्रमाणे कायमचं जुळून बसतं. नंतर ते बदलत नाही. ही सूचना माहितीपत्रकात छापायची होती. कार्यालयाच्या भाषांतरकारानं लिहिलं होतं, 'उपयोगापूर्वी स्वगृहीच्या जलाने प्रथम आर्द्रीकरण करावे.' श्रीलतानं ते वाचून कपाळावर हात मारला होता आणि ते खोडून आपल्या घरातलं सोपं वाक्य लिहिलं होतं : 'वापरण्याआधी घरी एकदा पाण्यातून काढावा.'

तेच तिनं निघताना आईलाही सांगितलं. "अम्मा, आधी पाण्यातून काढ हं. मगच नानांना दे."

"मला शिकवायलीस काय टॉवेल पाण्यातून काढायला?" भूदेवी म्हणाली. "तुझा जन्म टॉवेलच्या गठ्ठ्यावर झालाय."

श्रीलता गेली. भूदेवीनं बादली भरली, त्यात दोन मुठी खडेमीठ टाकलं, हातानं ढवळलं आणि टॉवेल बुडवून वर पाट ठेवला. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या गल्ल्यांमध्ये, कोरा टॉवेल पाण्यातून काढणं म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजत घालणं. मिठानं रंग धरतो, लेप सुटतो आणि लांब धाग्याचा आडमुठा टॉवेल पाणी प्यायला शिकतो. भूदेवीच्या आईनं हेच केलं होतं. शब्द तोच, काम तेच. दुसऱ्या दिवशी टॉवेल उन्हात वाळला आणि राजेशमच्या खुंटीवर गेला.

"आता ओढतोय पाणी," आठवड्यानं ते फोनवर म्हणाले. "तुझ्या आईची करामत. पण मऊच आहे मेला."

पुढच्या काही महिन्यांत श्रीलतानं प्रत्येक फोनला एकच प्रश्न विचारला. "काठ कसा आहे?" आणि भूदेवी खुंटीकडे बघून सांगत राहिली. "पांढरा आहे की. दुधासारखा."

घरात दोघांना त्याची सवय झाली. राजेशमना तर फारच. शेजारी कुणी तब्येतीचं विचारलं की ते टॉवेलचा काठ दाखवत. "हे बघा सर्टिफिकेट. पोरीनं दिलंय."

मग त्यांच्या अंगाला खाज सुटायला लागली. उन्हाळा आहे, असं सगळे म्हणाले. जेवण कमी झालं, तोंडाला चव नाही म्हणू लागले. एकदा सकाळी उठले तर डोळ्यांखाली सूज होती आणि पायातली चप्पल घट्ट झाली होती. भूदेवीनं त्याच दिवशी श्रीलताला फोन केला.

"ह्यांना एकदा दाखवून आणू या काय ग? मला बरं वाटेना."

श्रीलता तेव्हा प्रयोगशाळेत उभी होती. तिनं विचारलं, "काठ?"

"काठ पांढराच आहे."

"मग मूत्रपिंडाचं काही नाही, अम्मा. वय झालंय, उभं राहून पायाला सूज येते. त्यांना मीठ कमी दे. उगाच नेऊन सुया कशाला टोचायच्या? ते किती कटकट करतात, तुला माहीत आहे ना?"

पलीकडून राजेशमचा आवाज आला. "बघ, शिकलेली पोरगी काय म्हणते ते!" भूदेवीनं फोन ठेवला. तिला बरं वाटत नव्हतं ते नव्हतंच, पण टॉवेल आणि लेक दोघांच्या विरुद्ध ती काय बोलणार होती?

दिवाळीच्या आधी एका सकाळी राजेशमना उठून बसता येईना. श्वास लागला होता. इस्पितळात नेलं, डायलिसिस सुरू केलं, पण छातीत पाणी भरलं होतं. शेवटच्या दिवशी ते थोडे शुद्धीवर आले. नर्स ओल्या फडक्यानं त्यांचा चेहरा पुसत होती. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "कुठला कापूस आहे हा?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा डोळे मिटले. संध्याकाळी ते गेले.

डॉक्टरांनी श्रीलताला बाजूला घेऊन विचारलं होतं, "इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वर्षभर तरी हे चालू असणार. वेळेवर आणलं असतं तर आणखी पुष्कळ वर्षं काढली असती यांनी." भूदेवी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. ते बोलणं श्रीलतानं एकटीनं ऐकलं आणि एकटीनंच घरी नेलं.

दिवसकार्य झालं. रीतीप्रमाणे नातेवाइकांनी दुखवट्याचे टॉवेल आणले. ज्यानं जन्मभर टॉवेल विणवले त्याच्या घरात कॉटभर टॉवेल साचले. श्रीलतानं त्यातला एकही उघडला नाही. खुंटीवरचा टॉवेल तिनं पिशवीत घातला आणि कामावर गेली.

युरियाचं पाणी तिनं त्याच्या काठावर सोडलं. काही झालं नाही. त्याच खेपेतला एक कोरा टॉवेल घेतला, नळाच्या पाण्यातून काढला, वाळवला, त्याच्यावर तेच पाणी सोडलं. चहा संपेपर्यंत तो वांग्यासारखा जांभळा झाला. मग तिनं वडिलांच्या टॉवेलचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रंगद्रव्य होतं, सगळं जागच्या जागी होतं, पण मिटलेलं. पहिल्याच पाण्यात इतके क्षार होते की तेवढ्यालाच साधं समजून ते घट्ट बंद झालं होतं. अंगावरून येणारा युरिया त्याच्या खिजगणतीतही नव्हता. टॉवेल पहिल्या दिवसापासून बहिरा होता.

बोअरच्या पाण्यात इतके क्षार नसतात. टँकरच्याही नाही. संस्थेनं साबण, सोडा, शिकेकाई, खोबरेल तेल, ब्लीचिंग पावडर, सगळ्यांत टॉवेल बुडवून पाहिले होते. मग कसले क्षार? आणि तिला ती बादली आठवली. लहानपणी न्हाणीघरात कायम असायची. तिच्यावरचा पाट उचलून तिनं कितीदा बोट बुडवून चाटलं होतं. पाण्यातून काढणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं. आणि वाक्य तिनंच लिहिलं होतं.

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच अशी मोठ्यानं.

तिच्या विभागप्रमुख डॉक्टर नझरीन बागवान यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या स्वतः सोलापूरच्याच होत्या, पण पूर्व भागातल्या नव्हत्या. "आमच्याकडे असं मीठ घालत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "तू नसतीस तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं. पण आता सूचना काढावी लागेल. मराठीत आणि तेलुगूत. घंटागाडीवरून, फोनवरून, सगळीकडून."

"सूचनेत मीठ शब्द नको," श्रीलता म्हणाली. "'साध्या पाण्यात भिजवा' एवढंच लिहू या."

"आणि ज्यांनी आधीच मिठात घातलेत ते? ते रोज पांढरा काठ बघून निर्धास्त होतायत."

 मीठ हा शब्द आला की आईला कळणार. नवऱ्याला आपणच मारलं असं ती धरून बसणार, आणि मग तिची समजूत घालायला तिला ज्याचं ऐकायची सवय होती तो माणूस घरात नव्हता. श्रीलतानं नानांचं मासिक श्राद्ध होईपर्यंत मुदत मागितली. डॉक्टर बागवान म्हणाल्या, "मासिकापर्यंत. पुढे एक दिवस नाही. आणि हे थांबणं मला बरोबर वाटत नाही, हे ध्यानात ठेव."

श्रीलतालाही ते बरोबर वाटत नव्हतं. पण दर संध्याकाळी घरी जाऊन ती आईसमोर बसे, सांगायचं म्हणून तोंड उघडे, आणि भूदेवी म्हणे, "जेवून जा. तुझे नाना असते तर उपाशी जाऊ दिलं असतं काय?" ती जेवे आणि परत जाई.

मासिकाला दोन दिवस असताना ती सामान घेऊन आली तर भूदेवी न्हाणीघरात होती. साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. बादलीत दोन टॉवेल होते. कोरे, पांढऱ्या काठाचे.

"कुणाचे ग?"

"समोरच्या यादम्माचे. तिच्या श्रीहरीला साखर आहे ना, डॉक्टर म्हणाले किडनी सांभाळ. तिनं तुमचे टॉवेल घेतले. मला म्हणाली, तुझ्या हातचं पाण्यातून काढून दे. मी म्हटलं, दे की. आमच्या ह्यांना उपयोग नाही झाला, तुझ्या लेकाला होऊ दे."

श्रीलता पुढे झाली आणि तिनं बादली लाथेनं पालथी केली. पाणी उंबऱ्यावरून ओसरीपर्यंत गेलं.

"येडी झालीस काय!" भूदेवी ओरडली. "काय झालं तुला?"

आता गोल गोल बोलायला जागाच राहिली नव्हती. श्रीलतानं ओल्या फरशीवर बसून सगळं सांगितलं. रंगद्रव्याला पहिलं पाणी कसं लागतं, मिठानं ते कसं बंद होतं, नानांचा टॉवेल कसा कधी बोललाच नाही. वाक्य कुणी लिहिलं तेही सांगितलं. "चूक माझी आहे, अम्मा. तू जे करत आलीस तेच केलंस. मला आठवायला हवं होतं."

भूदेवी उंबऱ्यावर टेकली. तिनं ओले हात पदराला पुसले. मग एकदम म्हणाली, "मी म्हटलं होतं, दवाखान्यात नेऊ या."

"हो."

"तूच नको म्हणालीस. काठ पांढरा आहे म्हणालीस. मला दिसत होतं ग! माणूस माझ्या डोळ्यांसमोर सुजत होता आणि मी टॉवेल बघत बसले. माझ्या हातानं आंधळा केलेला टॉवेल!"

तिनं पदर तोंडात कोंबला. श्रीलता तिला धरायला गेली तर तिनं झिडकारलं, आणि लगेच तिचाच हात ओढून छातीशी घट्ट धरला. दोघी रडल्या. कुणाचा दोष किती, याचा हिशेब त्या दिवशी लागला नाही आणि पुढेही कधी लागणार नव्हता.

थोड्या वेळानं भूदेवी उठली. तिनं ते दोन्ही टॉवेल पिळले, खांद्यावर टाकले आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"यादम्माकडं."

"मी सांगते, अम्मा. परवा सूचना निघणारच आहे."

"परवा कशाला? आणि सूचना वाचतंय कोण? या गल्लीतल्या निम्म्या बायकांना मीच सांगितलंय, मिठात घाला म्हणून. मलाच सांगायला पाहिजे."

यादम्मा दारातच शेंगा निवडत बसली होती. टॉवेल बघून तिचा चेहरा उजळला. "झालं पण एवढ्यात?"

"यादम्मा, हे आता कामाचे नाहीत. मी मिठात घातले. मिठानं ते बंद पडतात. लेकीनं शोधून काढलंय. दुसरे आण आणि नुसत्या नळाच्या पाण्यात घाल."

"असू दे की, टॉवेल काय, आणू दुसरे. तू कशाला रडायलीस?"

"आमच्या ह्यांचा पण मीच मिठात घातला होता."

यादम्माच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. ती काहीतरी समजुतीचं बोलायला लागली, पण भूदेवी थांबली नाही. ती पुढच्या दारात गेली. मग त्याच्या पुढच्या. कुठे तेलुगूत, कुठे मराठीत, तेच सांगत गेली. मीठ घालू नका. घातलं असेल तर त्या काठावर विश्वास ठेवू नका, माणसाला डॉक्टरकडं न्या. मी घातलं होतं. कुणी पाणी पुढे केलं, कुणी पाठीवर हात ठेवला, एका म्हातारीनं दोघींच्या तोंडावर दार लावलं. श्रीलता मागे उभी राहून फक्त बघत होती. आईला वाचवायला म्हणून तिनं जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं, ते आई घरोघर वाटत निघाली होती.

गल्ली संपली तेव्हा अंधारून आलं होतं. परत येताना भूदेवी चालता चालता थांबली.

"त्या डॉक्टरनं तुला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. मी काचेतून बघितलं. किती आधी कळलं असतं, तेच ना?"

श्रीलतानं होकारार्थी मान हलवली.

"ते मला सांगू नकोस. कधीच नको. मी विचारलं तरी."

"नाही सांगणार."

त्या घरापाशी आल्या. भूदेवीनं कडी काढली, आत अंधार होता, दिव्याचं बटण सापडायच्या आधीच तिनं विचारलं, "पण लई दिवस नसतील ना ग?"

श्रीलतानं शब्द दिला होता. ती गप्प राहिली. चार-आठ दिवसांची गोष्ट असती तर पोरगी शब्द मोडून चटकन बोलून मोकळी झाली असती, एवढं आईला कळतं. भूदेवीनं दिवा लावलाच नाही. ती तशीच भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.